शत्रूच्या गोटात

आमच्या घरात मुंग्यांना कधी दुष्काळ जाणवला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या आबांना. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. जेवण होत आलं की ताटातली शेवटची चतकोर भाकरी ते कुणाचं लक्ष नाही असं बघून बंडीच्या खिशात सारत. कुणाचं लक्ष नाही असं फक्त त्यांनाच वाटायचं. आम्ही सगळे खाली मान घालून आमटी भुरकत असायचो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो कार्यक्रम बघत असायचो. खिशातून ती भाकरी उशाखाली जाई, उशाखालून पलटणीतल्या लोखंडी ट्रंकेत, आणि ट्रंकेतून पुढचा कारभार मुंग्या बघत. आक्का, म्हणजे माझी आजी, अधूनमधून ती ट्रंक अंगणात आणून उपडी करी. वाळून खापरी झालेले तुकडे खडखडत खाली पडत. "बगा, निगाली रसद," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. "उद्या जर्मन आला तर साऱ्या गावाला आमच्याच दारात यावं लागंल." आबा ओट्यावर बसून दाढीला साबण लावत असत. ते ऐकलंच नाही असं दाखवत आणि दुसऱ्या दिवसापासून नवा साठा सुरू करत.

दुसरा प्रकार पुलिंद्याचा. थंडी पडली की आबांना मक्याच्या पिठाची लहर येई. त्या दिवशी आक्काला चुलीपाशी मज्जाव. आबा स्वतः पितळी पातेल्यात पाणी उकळत, त्यात मक्याचं पीठ सोडत आणि लाकडी दांड्यानं ते इतका वेळ घोटत की धुरानं सगळ्या घराचे डोळे लाल होत. मग तो गोळा पाटावर ओतून थापायचा आणि गार झाला की त्याच्या वड्या पाडायच्या, त्याही विळीनं नव्हे तर ताणून धरलेल्या दोऱ्यानं. याला ते पुलिंदा म्हणत. त्यात मीठ नावाला, मिरची नाही, फोडणी नाही. आम्ही पोरं तो गुळाबरोबर कसाबसा गिळत असू. आक्काचं मत असं की म्हशीच्या सुजेला शेक द्यायला त्याच्यासारखी वस्तू नाही. साठीला टेकल्यावर एकदा मुलानं आणि सुनेनं मला पुण्यातल्या एका थंडगार हॉटेलात जेवायला नेलं, आणि पांढऱ्याशुभ्र बशीत हाच पुलिंदा माझ्यासमोर आला. त्याचं खरं नाव पोलेंता आणि तो इटलीतला खास पदार्थ असल्याचं सुनेनं मला समजावून सांगितलं. मी मन लावून ऐकून घेतलं.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडे. ऊस, आलं, आणि घरटी एक माणूस पलटणीत. अशा गावात शौर्याची एक उतरंड असते आणि ती कुणी लिहून ठेवलेली नसली तरी शेंबड्या पोरालाही पाठ असते. सगळ्यात वर लढाईत मेलेला. त्याच्या खाली हातपाय गमावून आलेला. त्याच्या खाली धडधाकट पण छातीवर बिल्ले लावून आलेला. आमच्या गावात हा मान सुबेदारांचा होता. कडक इस्त्रीचा पटका, वर वळलेल्या मिशा, आणि चाल अशी की त्यांच्या वाटेतून कुत्रीसुद्धा शिस्तीत बाजूला होत. त्यांच्या लढाईबद्दल त्यांना विचारायची गावात कुणाची छाती नव्हती, म्हणून ती फार मोठी असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आणि या उतरंडीच्या पार तळाला, चुलीतल्या राखेत बसावं तसे, आमचे आबा. आबा दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या लढाईत शत्रूच्या हाती सापडले होते आणि उरलेला काळ त्यांनी इटलीत कैदेत काढला होता. गावानं याचा सारांश एका शब्दात केला होता: 'हातवरे'. आबा हातवरे, वडील हातवऱ्याचे, आणि मी शाळेच्या वाटेनं निघाले की पाराजवळची पोरं काही न बोलता दोन्ही हात आकाशाकडे नेत. सुबेदार तर आबा समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जात. एवढ्या शूर माणसानं कैद्याची सावली टाळावी यात गावाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

त्याच सुमारास पाकिस्तानशी लढाई झाली आणि आपण जिंकलो. त्यांच्या हजारो सैनिकांनी बंदुका खाली ठेवल्या. गावात साखर वाटली गेली, आणि न्हाव्याच्या दुकानात पेपरातला फोटो आरशाला चिकटवला गेला: रांगेत बसलेले, माना खाली घातलेले कैदी. गाव तो बघायला लोटलं. ज्यांनी आयुष्यात कधी सातारा ओलांडला नव्हता तेही त्या कैद्यांकडे बोट दाखवून पोट धरून हसत होते. मी वडिलांचा निरोप घेऊन तिथं गेले होते. आबा केस कापायला बसले होते. त्यांनी मानेवरचं फडकं बाजूला केलं, उठून फोटोपाशी गेले आणि बराच वेळ बघत राहिले. मग दुकानातल्या सगळ्यांना विचारलं, "ह्यास्नी जेवाय काय देत्यात?"

दुकान खो खो हसलं. कुणीतरी म्हणालं, "का, आबा? तुमी डबा घिऊन जाताय व्हय?" आबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी रस्त्यानं घरी येताना धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणत चालत होते.

मग प्रजासत्ताक दिन जवळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ निवडणूकही. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, असं सरपंच बापूसाहेब स्वतः सांगत. गावातल्या जुन्या जवानांचा आमदारांच्या हस्ते जाहीर सत्कार करायचा आणि शाळेसमोर नावांचा दगड बसवायचा असं त्यांनी ठरवलं. यादीत पहिलं नाव त्यांच्या वडिलांचं. ते महायुद्धात पुण्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांची अंडी उकडत होते. आता अंडी उकडल्याशिवाय साहेब लढणार कसा, हे मलाही मान्य आहे. पण जुने जवान मोजले तर बापूसाहेबांच्या वडिलांपुढे रांग फार आखूड दिसत होती, म्हणून नाइलाजानं आबांनाही घ्यायचं ठरलं.

एका सकाळी बापूसाहेब आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर घरी आले. शेजारून खुर्च्या आल्या, आईनं पोहे टाकले. बापूसाहेबांनी आबांचा गणवेश मागितला. आक्का आत गेली आणि एक गोधडी घेऊन आली. "ह्यो बगा डगला," मधल्या खाकी ठिगळावर बोट ठेवून ती म्हणाली. "आन् ह्यो पाटलोनीचा पाय." मग बिल्ले मागितले. त्यातला एक वडिलांनी लहानपणी लगोरीत घालवला होता. दुसरा सापडला, तो आई दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उडू नये म्हणून ठेवत होती. बापूसाहेबांनी तो रुमालानं पुसला आणि हेडमास्तरांकडे बघून सुस्कारा सोडला.

"अडचण फकस्त एकच हाय, सर," ते म्हणाले. "कैद म्हनलं की लोकं हसत्यात. आमदारांच्या म्होरं बरं न्हाई दिसत."

हेडमास्तर मराठी शिकवत. भाषेवर त्यांची फार श्रद्धा. योग्य शब्द सापडला तर घडलेली गोष्टसुद्धा बदलते असं त्यांचं मत होतं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "लिहून घ्या. शत्रूच्या गोटात निर्भयपणे प्रवेश करून तेथे प्रदीर्घ काळ वास्तव्य केले."

बापूसाहेब बघतच राहिले. "आयला," ते म्हणाले. "ह्ये खोटंबी न्हाई!"

पुढं मानपत्र आपोआप वाढत गेलं. शत्रूच्या गोटात शिरल्यावर आबांनी शत्रूच्या अन्नसामग्रीचा ऱ्हास घडवून आणला. वाळवंटात संगिनीच्या टोकावर काही जर्मन घेतले. आकडा हेडमास्तरांनी आधी जास्त घातला होता, तो बापूसाहेबांनी आपल्या वडिलांच्या मानानं कमी करायला लावला. आबा समोरच बसले होते, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. सत्कारमूर्तीला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. आणि मानपत्र वाचायचं माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज खणखणीत होता आणि सत्कारमूर्तीची नात म्हणजे आमदारांच्या डोळ्यांत पाणी येण्याची सोय होती. मी हरखून गेले. एकदा हे लाउडस्पीकरवरून गावभर झालं की पाराजवळचे हात कायमचे खाली येणार होते.

परसात आबा पावटा सोलत बसले होते, तिथं मी उभी राहून तालीम करत होते. जर्मनांपर्यंत आले तेव्हा आबांनी विचारलं, "ह्यो कोन गं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच की."

"मी न्हाई त्यो. त्यो लय दांडगा मानूस दिसतोय." त्यांनी शेंग मोडून दाणे सुपात टाकले. "बस हितं, शाले."

मग पावटा सोलता सोलता त्यांनी मला सांगितलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं. वाळवंटात पाणी संपलं, गोळ्या संपल्या, चारी बाजूंनी शत्रूचे रणगाडे आले, आणि त्यांच्याच साहेबानं हुकूम दिला की हात वर करा. जहाजाच्या तळात कोंबून इटलीला नेलं. तिथं तारेच्या कुंपणाआड दिवस काढले. पुढं इटलीनं हार मानली, पहारेकरी रायफली टाकून पळाले, आणि हे डोंगरात चालत सुटले. पाय सुजले, ताप भरला, एका घराच्या गोठ्यात शिरून पडले. सकाळी घरातली म्हातारी धार काढायला आली आणि तिनं यांना बघितलं.

"वरडली नाही?" मी विचारलं.

"वरडायला तिला सवड कुटली? म्हस पान्ह्याला आली हुती. म्हंजी गाय. तिकडं म्हस नसती." आबा हसले. "आदी धार काडली. मग मक्याचा पुलिंदा आनून म्होरं ठिवला. त्ये खाऊस्तवर म्होरं बसली, आन् मग भिताडावरचा फोटू आनला. तिचा ल्योक. आपल्यावानी खाकीत. बोट करून म्हनली, इंदिया, इंदिया. तिचा ल्योक आपल्या हितं कैदेत हुता, शाले. मी तिच्या गोठ्यात, आन् त्यो आमच्या मुलखात. रोज मला इचारायची, खुनेनं, त्याला खायाला देत असतील का. मी रोज मान हलवायचो. देत्यात, म्हनायचो. लय देत्यात."

"आणि देत होते?"

"मला काय ठावं?" आबा म्हणाले. "मी तितं हुतो."

जर्मन शोधाला येत तेव्हा ती त्यांना गवताच्या गंजीत लपवी. सापडले असते तर तिला घरासकट जाळलं असतं. गोऱ्यांची फौज येईपर्यंत तिनं त्यांना सांभाळलं. एवढं सांगून आबांनी सूप उचललं आणि आत गेले. मी हातातल्या मानपत्राकडे बघितलं. त्यात म्हातारी कुठंच नव्हती. ते मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मला ते पाठ करायचं होतं आणि पाराजवळच्या पोरांना इटलीतल्या म्हातारीशी काही देणंघेणं नव्हतं.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून शाळेच्या पटांगणात मांडव सजला होता. आमदार सकाळी येणार होते, म्हणून दुपारी आले. तोवर सत्कारमूर्तींना उन्हाच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसवून ठेवलं होतं, बहुधा वाळवंटाची सवय असेल म्हणून. मग बापूसाहेबांनी प्रास्ताविक केलं, ज्यात त्यांच्या वडिलांनी युद्ध जवळजवळ एकट्यानं जिंकलं. आमदारांनी शौर्यावर भाषण केलं आणि मधेच कालव्याचं पाणी कधी सुटणार तेही सांगितलं. शाली, नारळ, फेटे. मी मानपत्र एकदाही न अडखळता वाचलं. टाळ्या वाजल्या, आमदारांनी खरोखरच डोळ्यांना रुमाल लावला. आबांना आधीच सांगून ठेवलं होतं की माइकसमोर जाऊन फक्त 'जय हिंद' म्हणायचं आणि बसायचं.

आबा उठले, फेटा सरळ केला आणि माइकला म्हणाले, "पोरीनं लय झ्याक वाचलं. पर त्यो मानूस कोन, मला म्हाईत न्हाई."

लोक हसले. बापूसाहेबही हसले, जरा उशिरा.

"मी कुनाला मारलं न्हाई," आबा म्हणाले. "पानी संपलं हुतं. सायबानं सांगितलं, हात वर करा. आमी केलं. आसं." आणि शालीसकट त्यांनी दोन्ही हात वर केले. "मग कैदेत ऱ्हायलो. तितं लय जनांत एक पाव मिळायचा. त्यो दोऱ्यानं कापायचा. ज्यो कापंल त्येनं आपला तुकडा समद्यात शेवटी उचलायचा, अशी रीत हुती. म्हंजी हात लबाडी करत न्हाई. आमच्या बराकीनं कापायला मला नेमलं, आन् सुटूस्तवर दुसऱ्याला नेमलं न्हाई. सत्कार करायचाच आसंल तर त्येचा करा. उगा जर्मनास्नी मारू नगा."

मागच्या बाजूला पोरांच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि दोन हात वर गेले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "खाली घे त्ये हात!"

सुबेदार उभे राहिले होते. त्यांना माइकची गरज नव्हती. पोराचे हात खाली आले तरी ते उभेच राहिले. छातीवरचे बिल्ले हलत होते. मला वाटलं, आता ते आबांना झापणार.

"मी बी हुतो," सुबेदार म्हणाले. "सिंगापूरला. मी बी हात वर केलं हुतं."

यावर काय करायचं हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. बापूसाहेबांनी आमदारांकडे बघितलं, आमदारांनी घड्याळाकडे, आणि बापूसाहेबांनी ताबडतोब राष्ट्रगीत सुरू करायला लावलं. ते सुरू झालं की कुणालाच काही बोलता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. साताऱ्याच्या पेपरात नंतर जे छापून आलं त्यात संगिनीचे जर्मन होते आणि कालव्याचं पाणी होतं. पाव नव्हता आणि सिंगापूर तर नव्हतंच. शाळेसमोरच्या दगडावर आजही आबांच्या नावाखाली 'शत्रूच्या गोटात प्रदीर्घ वास्तव्य' असं कोरलेलं आहे. परवा गावी गेले तेव्हा एक तरुण मास्तर मुलांना सांगत होता की हे गुप्तहेर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुबेदार आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आक्कानं घोंगडं टाकलं, चहा ठेवला. ते पाठ ताठ ठेवून बसले. मग आबांना म्हणाले, "तुमी समूर दिसला की मी रस्ता सोडायचो. तुमी बगताक्षनी वळखशिला आसं वाटायचं."

"जेवन्यावरनं वळखलं हुतं," आबा म्हणाले. "तुमी जेवताना ताटाभवती हात घालून बसता. लग्नात बगितलंय."

तेव्हा सुबेदारांनी आपलं खरं काम सांगितलं. सिंगापुरातून त्यांना जहाजात घालून कुठल्याशा बेटावर नेलं होतं. बरोबर आष्ट्याचा म्हादू नावाचा गडी होता. तिथं औषध नव्हतं, अन्न नव्हतं. म्हादू हगवणीनं खंगून सुबेदारांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. यांनी आपल्या हातानं त्याला पुरला. आष्ट्याला जाऊन घरच्यांना सांगायचं म्हणून ते परत आले, पण सांगायचं तर आपण कैदेत होतो हेही सांगावं लागणार होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत नोकरी संपली आणि मिशा पांढऱ्या झाल्या.

चुलीपाशी बसलेली माझी आई एकदम म्हणाली, "आष्ट्याचा म्हादू? आवं, तानुबाईचा नवरा!" आईचं माहेर आष्टा. "आमच्या गल्लीच्या मागं घर हाय. सरकारचा कागद आला हुता, बेपत्ता म्हनून. त्येचा भाऊ सांगत फिरतोय, तिकडं दुसरी बायको करून ऱ्हायला म्हनून. तानुबाई अजून कुंकू लावती."

आक्का हातातलं पातेलं घेऊन बाहेर आली. "म्हंजी तुमी तिचं कुंकू पुसाय निगालाय," ती सुबेदारांना म्हणाली. गावात सुबेदारांशी असं कुणी बोलत नसे.

आक्का उंबऱ्यावर बसली. "ह्यांची खबर न्हवती तवा," ती आबांकडे न बघता म्हणाली, "बायका माझ्या तोंडाकडं न्हाई, कपाळाकडं बगायच्या. सकाळी कुंकवाचं बोट उचललं की वाटायचं, ह्ये खरं लावतीय का खोटं. मला एक पत्र तरी आलं. तिला त्येबी न्हाई." तिनं पातेलं बाजूला ठेवलं. "जावा. आन् ह्या पोरीला, शालीला, संगं न्या. बापय मानसं असलं काई तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

आम्ही तिघं एसटीनं निघालो. सुबेदारांनी सगळे बिल्ले लावले होते. कराडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती, तिथं आबांनी भजी घेतली. खाता खाता सुबेदारांनी शेवटची दोन भजी रुमालात बांधली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आबांनी बघितलं आणि लगेच मलकापूरकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या मोजत असल्यासारखं तोंड वळवलं. पुढं इस्लामपूर गेलं, आष्टा आलं.

तानुबाईच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत टाकलेली होती. सगळ्या घराला तो मातकट उग्र वास येत होता. तानुबाई सुपात हळकुंडं निवडत बसली होती: बारीक अंगाची, केस पांढरे, हात कोपरापर्यंत पिवळे आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ओसरीवर तिचा दीर, ज्याला सगळे दाजी म्हणत, तंबाखू मळत बसला होता. मी आईचं नाव सांगितलं. तानुबाईनं पोतं अंथरलं, पाणी आणलं.

सुबेदार बसले नाहीत. कवायतीत अख्खी पलटण हलवणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. शेवटी आबा म्हणाले, "बाई, म्हादूला ज्येनी शेवटचं बगितलं त्ये ह्ये. सांगाय आल्यात."

तानुबाईचे हात सुपात थांबले.

मग सुबेदारांनी सांगितलं, हळू, तुटक. हात वर केले ते, जहाज, बेट. म्हादू गावाकडच्या हळदीचा वास येतो म्हणायचा, तापात. शेवटच्या दिवसांत स्वतःला गिळवेना तर वाटणीची कांजी यांच्याकडे सरकवायचा. कुठं पुरला, उशाला कुठला दगड ठेवला. "मी मांडी हलवली न्हाई," सुबेदार म्हणाले, "त्यो जाऊस्तवर."

"बोलला काय?" तानुबाईनं विचारलं.

"तुमचं नाव घ्यायचा. दुसरं काय न्हाई."

ती रडेल असं मला वाटलं, आबांनाही वाटलं असणार, कारण ते पुढं सरकले होते. तिनं सूप बाजूला ठेवलं, पिवळे हात लुगड्याला पुसले आणि ओसरीकडे बघितलं. "सुबेदार," ती म्हणाली, "परत सांगा. वाईच मोठ्यानं सांगा. आमच्या दाजींस्नी कमी ऐकू येतं."

दाजींना चांगलं ऐकू येत होतं. त्यांचा तंबाखूचा हात हवेतच राहिला होता.

सुबेदारांनी तिच्याकडे बघितलं. मग टाचा जुळवल्या, छाती काढली आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज असा की पलीकडच्या परड्यातल्या बायका कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या, वाटेनं जाणारा सायकलवाला थांबला, पोरं कठड्यावर चढली. मी शत्रूच्या कैदेत होतो, म्हादू माझ्याबरोबर होता, तो तिथं मेला, मी त्याला पुरला. त्यानं दुसरी बायको केली नाही. शेवटचं वाक्य त्यांना कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. तोवर आबाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. मांडव नव्हता, फेटे नव्हते, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमदारही आले नाहीत, त्यामुळे सगळं वेळेवर झालं.

कुंपणापलीकडे एका बाईनं पदर तोंडाला लावला. दाजी ओसरीवरून उतरले, घसा खाकरला आणि घरातल्या कर्त्या माणसाला शोभेल असा चेहरा करून म्हणाले, "म्हंजी आता वैनी, रीतीपरमानं, कुंकवाचं..."

"त्ये माजं मी बगीन, दाजी," तानुबाई म्हणाली. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं होतं. "तुमी आदी गल्लीतनं जाऊन सांगून या. आजवर सांगत आलायसा, तसं."